मिस्सा संपल्यावर

सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या बैठकीत एक जुनी पद्धत आहे. आधी प्रार्थना होते. गेल्या आठवड्यात कोण कोणाच्या घरी जाऊन आलं, कोणाच्या मुलाची फी थकली आहे, कोणाच्या इन्सुलिनची सोय करायची आहे, याची बोलणी होतात. मग एक पिशवी हातोहात फिरते. प्रत्येकाने मूठ मिटून हात आत घालायचा आणि मोकळा बाहेर काढायचा. कोणी पाचशेची नोट टाकली, कोणी दहाचं नाणं टाकलं, कोणी नुसतीच मूठ उघडली, हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. ज्याच्याकडे त्या आठवड्यात काहीच नसेल त्यानेही हात घालायचाच. घरभेटीला नेहमी दोघांनी जायचं आणि कोणाकडे गेलो ते बाहेर बोलायचं नाही, हाही तिथला दंडक. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन हे काम सुरू केलं. आपल्या उपनगरांतल्या कित्येक पॅरिशमध्ये आजही ते चालू आहे, आणि तिथे कोण काम करतं हे रविवारी शेजारच्या बाकावर बसणाऱ्यालाही बहुधा ठाऊक नसतं.

त्याच चर्चमध्ये बाकाच्या पाठीला पितळेची पट्टी असते आणि तिच्यावर देणाऱ्या कुटुंबाचं नाव असतं. पंख्यावरही असतं. मला त्या पट्ट्यांचा राग नाही. आईच्या आठवणीसाठी मुलाने बाक दिला तर त्यात वावगं काय? पण पिशवी काय करते आणि पट्टी काय करते, हे ध्यानात घेतलं की श्रद्धेतल्या प्रामाणिकपणाच्या विषयातलं अर्धं काम होतं. प्रामाणिकपणाची गोष्ट निघाली की आपण लगेच मनाकडे वळतो: मन शुद्ध ठेवा, हेतू तपासा. हेतू तपासत बसलेला माणूस दिवसभर स्वतःपाशीच घुटमळतो. ओझानामच्या मंडळींनी कोणाला हेतू विचारला नाही. दाखवायला वावच राहणार नाही अशी सोय केली. या लेखातल्या सूचना त्याच वळणाच्या आहेत. भक्तिभाव वाढवायचा उपाय माझ्याकडे नाही. देखावा शिरायला जिथे फट असते तिथे काय करता येतं, एवढंच सांगता येईल.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू दान, प्रार्थना आणि उपवास एकामागून एक घेतो. यातलं काहीच सोडून द्यायला तो सांगत नाही. दान कोणाला न कळता करा, प्रार्थना दार लावून करा, उपवास असेल तर तोंड धुऊन, डोक्याला तेल लावून बाहेर पडा, म्हणजे बघणाऱ्याला पत्ता लागायला नको. सार्वजनिक भक्ती वाईट, असा याचा अर्थ काढू नये. १८९६च्या प्लेगच्या काळात मुंबईच्या गावठाणांत जागोजाग क्रूस उभे राहिले. मे महिन्यात संध्याकाळी त्यांच्यासमोर रोझरी आणि लादाइन व्हायची, काही गल्ल्यांत अजून होते, आणि नंतर उकडलेले चणे वाटतात. भररस्त्यातली ती प्रार्थना घाबरलेल्या माणसांची होती, दाखवायची नव्हती. उलट ‘देव मनात आहे, चर्चला कशाला जायचं’ असं पार्टीत ऐकवणाऱ्याची ऐट कोणत्याही मिरवणुकीला हार जाणार नाही.

दार लावून प्रार्थना म्हटलं की अडचण वेगळीच येते. घाटकोपरला दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात, त्यांनी कोणतं दार लावायचं? यावर माझं उत्तर लोकल आहे. जपमाळेची पाच रहस्यं वीसेक मिनिटांत होतात. बोरिवलीला सुरू केली तर अंधेरीच्या आसपास संपतात. गर्दीत माळ काढता येत नाही, ती काढायची गरजही नाही. दहा मण्यांना दहा बोटं पुरतात, आणि खांद्याला खांदा लागलेल्या माणसालाही कळत नाही. ज्यांच्याकडे जपमाळेची प्रथा नाही त्या प्रॉटेस्टंट मंडळींनी मार्कचं शुभवर्तमान घ्यावं. १६ अध्याय आहेत, रोज एक घेतला तर अडीच आठवड्यांच्या आत होतं. मोबाइलवर वाचलं तर शेजारचा समजेल की बातम्या वाचताय. समजू दे.

उपवासाचं सांगायचं तर कॅथलिकांना राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी, १८ ते ५९ वयाच्यांनी, दिवसातून एकच पोटभर जेवण घ्यायचा नियम आहे. शिवाय मांस वर्ज्य. मासा मात्र चालतो. आता वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई हा सगळा कोळीवाड्यांचा पट्टा. इथे मटण सोडून शुक्रवारी कोळंबीची बिर्याणी आणि तळलेलं पापलेट खाल्लं तर नियम पाळला जातो खरा, पण त्याग कोणी केला असेल तर तो पापलेटाने. यासाठी एकच करावं: ज्या गोष्टीवाचून आपल्याला खरोखर चुकल्यासारखं वाटेल ती सोडावी, तिचे उपवासकाळाच्या चाळीस दिवसांचे पैसे पाकिटात वेगळे काढावे, आणि ईस्टरच्या आधी ते पाकीट ज्याला द्यायचं त्याला द्यावं. काय सोडलंय हे घरात सांगितलं तरी चालेल, कारण स्वयंपाक करणाऱ्याला ते कळायलाच हवं. ऑफिसात सांगू नये.

सणसमारंभांवर फार लिहीत नाही, कारण त्यावर सगळेच बोलतात आणि कोणी ऐकत नाही. नाताळच्या गोठ्याची प्रथा असिसीच्या फ्रान्सिसने १२२३ साली ग्रेच्चोला खरे बैल-गाढव आणि चारा आणून रूढ केली. देव किती हलाखीत जन्मला हे लोकांनी डोळ्यांनी बघावं, एवढाच त्याचा हेतू. आपल्या गोठ्यात मोटरवर चालणारा धबधबा असतो आणि वॉर्डांत स्पर्धा असते. असो. मुलं हौसेने करतात, त्यांच्या हौसेत पाणी घालू नये. पहिल्या कम्युनियनच्या पार्टीबद्दल मात्र पालकांना एक सुचवतो. काही पॅरिशनी सगळ्या मुलांना एकसारखे पांढरे झगे देऊन कपड्यांची चढाओढ मोडून काढली, ते चांगलं झालं. पण ती चढाओढ आता हॉल आणि केटररकडे गेली आहे. हॉल ठरवायच्या आधी धर्मशिक्षणाच्या वर्गाच्या शिक्षिकेला गाठा आणि वर्गातल्या एखाद्या मुलाचा खर्च उचलायचा असेल तर तिच्यामार्फत उचला. तो मुलगा कोण, हे तिने तुम्हाला सांगू नये आणि तुम्ही विचारू नये. मग आपल्या मुलाची पार्टी खुशाल करा.

आता ज्याविषयी प्रवचनात सहसा कोणी बोलत नाही त्याकडे येतो. कोंडिविट्याला १५७९ साली जेझुइटांनी बांधलेलं सेंट जॉन द बॅप्टिस्टचं चर्च आज सीप्झच्या आवारात छपराविना उभं आहे. १८४०च्या सुमाराला साथीमुळे गाव ते सोडून मरोळला गेलं. पुढे या भागात औद्योगिक वसाहत आली, १९७३मध्ये सीप्झ आलं, आणि भाताची शेतं त्यांच्याखाली गेली. मरोळ, चकाला, आंबोलीच्या ईस्ट इंडियन कुटुंबांकडे मुख्यतः उरली ती गावठाणातली घराची जागा. आज बिल्डर त्या जागेला जो भाव देतो तो आजोबांना सांगितला असता तर त्यांनी वेड्यात काढलं असतं. बोरिवलीच्या आय. सी. कॉलनीत बंगल्यांच्या जागी इमारती उठल्या, मुलुंडलाही तेच. आणि भाऊ भावाशी बोलेनासा झाला.

रविवारी हे दोघे एकाच मिस्साला येतात. एक पुढून तिसऱ्या बाकावर, दुसरा बाजूच्या दारापाशी. फादर एकमेकांना शांती द्यायला सांगतात तेव्हा दोघेही वळून अनोळखी माणसाला हात जोडतात, आणि नंतर एकाच रांगेतून कम्युनियनला जातात. कोर्टात तारीख मंगळवारी असते.

यावर येशूचं म्हणणं फार गैरसोयीचं आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन आल्यावर आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावं, असं तो सांगतो. आपल्या मनात भावाविरुद्ध काय आहे हा प्रश्न तिथे निघतच नाही, आणि आपण वकिलाला सांगतो ते नेमकं तेवढंच. म्हणून जाताना फाइल घरी ठेवावी. नाताळला किंवा कोणाच्या अंत्यविधीला हा विषय काढू नये, कारण त्या दिवशी चार माणसं बघत असतात आणि दोघेही त्यांच्यासाठी बोलतात. साधा कामाचा दिवस बघावा, वकील किंवा मेव्हणा बरोबर नेऊ नये, आणि ‘तुला काय वाटतं, तुझं काय गेलं?’ एवढं विचारून गप्प बसावं. त्याने सांगितलेलं घरी येऊन जसंच्या तसं लिहून काढावं. आपली बाजू मांडायला दुसरी भेट आहेच. बोलणं फिसकटलं तर न्यायालयांशी जोडलेली मध्यस्थी केंद्रं आहेत; तिथे जाणं म्हणजे श्रद्धा कमी पडली असं मानायचं कारण नाही. फादरना मध्ये घालावं का? पॅरिश हॉलसाठी दोघांपैकी एकानेच मोठी देणगी दिली असेल तर घालू नये, फादर कितीही सरळ असले तरी.

बहिणीचं प्रकरण याहून वाईट, कारण ते भांडणाशिवाय उरकतं. मृत्युपत्र नसेल तर १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे ख्रिस्ती माणसाच्या मिळकतीत विधवेला एक तृतीयांश आणि उरलेल्या दोन तृतीयांशात मुलगा-मुलगी सारखे वाटेकरी. केरळात त्रावणकोरच्या जुन्या कायद्याने मुलीला नाममात्र वाटा मिळायचा. मेरी रॉय त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि १९८६ साली त्यांच्या बाजूने निकाल लागला. मुंबईतल्या मुलीला एवढा लढा द्यावा लागलाच नाही, कायदा आधीपासून तिच्या बाजूने होता. तरी पुनर्विकासाचा करार आला की हक्कसोडपत्र पुढे येतं ते वसईला किंवा विरारला दिलेल्या बहिणीच्याच. जेवण झालेलं असतं, सोरपोतेल आणि फुगे खाऊन सगळे सुस्तावलेले असतात, मोठा भाऊ कागद काढतो आणि म्हणतो, “अगं, फॉर्मॅलिटी आहे, लग्नात तुला केलंच की आपण सगळं.” ती चष्मा शोधते, मग न वाचताच सही करते. वाचायला मागितलं तर भावावर विश्वास नाही असं दिसेल, ही तिची अडचण.

भावाने इथे काय करायचं ते अगदी सोपं आहे. जागेचा आजचा भाव तिला आकड्यात सांगावा. कागद तिच्या घरी पाठवावा आणि तिच्या ओळखीच्या वकिलाला दाखवायला महिनाभर द्यावा, वकिलाची फी आपण भरावी. एवढं करूनही तिने राजीखुशीने हक्क सोडला तर तो तिचा मोठेपणा. जक्कयची गोष्ट आपण झाडावर चढलेला बुटका म्हणून मुलांना सांगतो. त्या गोष्टीत तो पश्चात्तापाचं भाषण करत नाही, आकडे सांगतो: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं असेल त्याला चौपट. कन्फेशनला जाण्याआधी आपणही एका कागदावर आकडे मांडावेत. कोणाचं किती देणं आहे, एवढंच. फादरना तो कागद दाखवायची गरज नाही.

या कागदावर घरी काम करणाऱ्या बाईंचंही नाव येतं. मे महिन्यात आपण गावी किंवा गोव्याला जातो आणि त्या महिन्याचा पगार कापतो, जणू आपल्या सुट्टीत त्यांचा गॅस बंद असतो. २५ डिसेंबरला सगळं घर मिस्साला जातं आणि दुपारी चारला बाई वीस माणसांची भांडी घासायला येतात. आठवड्याची एक भरपगारी सुट्टी, मे महिन्याचा पूर्ण पगार आणि नाताळला दोन दिवस रजा, एवढं तरी न मागता द्यावं. भांडी पाहुण्यांना वाटून द्यावीत. घासतात, मी पाहिलंय.

आणि त्यांचा कप. कित्येक ख्रिस्ती घरांत आजही तो वेगळा असतो, सिंकच्या खाली किंवा खिडकीत. विचारलं तर स्वच्छतेचं कारण सांगतात. नारायण वामन टिळकांनी १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना त्यानंतरही सोवळंओवळं सोडायला किती झगडावं लागलं ते त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लपवलेलं नाही, उलट स्वतःची थट्टा करत सांगितलं आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुऊन निघते असं आपण म्हणतो. लक्ष्मीबाईंचं वाचलं की कळतं, त्याला रोजच्या ताटवाटीतली मेहनत लागते. कप आजच कपाटात इतर कपांबरोबर ठेवता येईल. त्यावर घरात चर्चासत्र नको.

मोबाइलवरच्या भक्तीत सकाळची वचनं आणि मेणबत्त्यांची चित्रं यांनी फारसं कोणाचं बिघडत नाही. धोका आहे तो प्रार्थनेच्या विनंत्यांत. ‘अमक्यांच्या मुलासाठी प्रार्थना करा, तो पुन्हा प्यायला लागलाय’ असा संदेश वॉर्डाच्या ग्रुपवर पडतो आणि दुसऱ्या दिवशी दीडशे घरांत त्याची चहाबरोबर चर्चा होते. टाकणाऱ्याला आपण चुगली केली असं वाटतही नाही, शेवटी हात जोडल्याचं चिन्ह असतं. ज्याच्यासाठी प्रार्थना मागायची त्याला आधी विचारावं. तो नको म्हणाला तर आपण एकट्याने करावी. देवाला ग्रुपमध्ये घ्यावं लागत नाही.

दिखाव्याची आणखी एक जात आपल्याकडे आहे, तिला आपण सुधारलेपण म्हणतो. घरात मराठी बोलणारी कुटुंबं मराठी मिस्सा टाळून इंग्रजीला जातात, कारण तिथली मंडळी ‘बरी’. ज्याला प्रार्थना इंग्रजीत जवळची वाटते त्याने अवश्य जावं. पण पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लुगडं सोडलं नाही, शाकाहार सोडला नाही, तिथल्या मठातल्या मायबाईंनी सांगितलेलं प्रत्येक मत निमूट मान्यही केलं नाही. पुढे दुष्काळात शेकडो निराधार मुलीबायकांना केडगावला आणून पोसलं ते याच बाईने. ख्रिस्ती दिसण्यासाठी तिला साहेबासारखं व्हावं लागलं नाही.

ज्यांना प्रत्यक्ष काम करायचं आहे त्यांच्यासाठी जागा जवळच आहेत. माउंट मेरीला नवस फेडायला जाता तेव्हा तिथेच शांती अवेदना सदन आहे, १९८६पासून. कर्करोगाच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी भारतात सुरू झालेलं ते पहिलं घर. अंधेरीला स्नेहसदन आहे. स्टेशनवर, फलाटावर सापडलेल्या मुलांना घर मिळावं म्हणून जेझुइटांनी १९६२ साली हे काम सुरू केलं. तेवढं लांब जायचं नसेल तर व्हिन्सेंट डी पॉलची मंडळी तुमच्या पॅरिशमध्येच रविवारी मिस्सा संपल्यावर भेटतील. जायच्या आधी फोन करून काय हवंय ते विचारा. वाढदिवसाचा केक घेऊन वर्षातून एकदा येणारे त्यांच्याकडे पुष्कळ असतात. शेजारच्या हिंदू किंवा मुसलमान मित्राला यायचं असेल तर घेऊन जा. नारायण वामन टिळकांनी १९१७मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा संघ काढला तेव्हा त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. मुलांना न्यायचं असेल तर त्यांना आधी सांगा की फोटो काढायचा नाही, आणि तो नियम स्वतःही पाळा. पहिल्या दोन-तीन वेळा हातात विशेष काही काम देणार नाहीत. तुम्ही पुन्हा येता की नाही ते त्यांना बघायचं असतं. महिन्यातला एकच वार ठरवा, पण असा ठरवा की त्या दिवशी ऑफिसातून वेळेवर सुटता येईल.